कोणत्या शांततेची पदवी?

एका वर्षात लढाईत २५ माणसं मेली, तर तो सशस्त्र संघर्ष. २४ मेली, तर यादीत नाव नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातला संघर्षांच्या नोंदी ठेवणारा प्रकल्प हा उंबरठा कसोशीनं पाळतो. नुसते मृत्यूही पुरत नाहीत. भांडण सत्तेवरून किंवा भूभागावरून हवं आणि भांडणाऱ्यांत निदान एक बाजू सरकारची हवी. या मापानं २०२४ मध्ये जगात ६१ संघर्ष धुमसत होते. १९४६ पासूनच्या नोंदींत एवढा मोठा आकडा दुसरा नाही.

या मापावर हरकत घेणं सोपं आहे. उपासमारीनं मेलेले कुठे धरायचे? कर्जापायी गळफास घेतलेला शेतकरी कोणत्या रकान्यात? उप्सालाचं उत्तर रोखठोक आहे: या रकान्यात नाही. सगळी दुःखं एकाच आकड्यात कोंबली, तर एकाचंही कारण सापडणार नाही. शेजारच्या नॉर्वेत, ओस्लोत, १९६९ मध्ये नेमकी उलटी भूमिका मांडली गेली, आणि तिच्यावरही शास्त्राचाच शिक्का होता. शांतता-संशोधन आणि आंतरराष्ट्रीय संबंध या विषयांत परदेशी एम.ए. करायला निघालेल्या मुलामुलींना माहितीपत्रकात हा तंटा दिसत नाही. तिथे ‘पीस अँड कॉन्फ्लिक्ट स्टडीज’, ‘इंटरनॅशनल रिलेशन्स’, ‘सिक्युरिटी स्टडीज’ ही नावं एका ओळीत मांडलेली असतात, जणू एकाच ठाणातल्या साडीचे तीन रंग. या विभागांची कुळं वेगळी आहेत. कुठे कोणती शांतता शिकवतात हे न बघता शहर, क्रमवारी आणि व्हिसा यांवर निवड केली, की दुसऱ्या सत्रात पस्तावण्याची पाळी येते.

त्यातलं थोरलं कूळ आंतरराष्ट्रीय संबंधांचं. या विषयाचं पहिलं विद्यापीठीय अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथ या समुद्रकाठच्या छोट्या गावात सुरू झालं. पैसा डेव्हिड डेव्हिस यांच्या घराण्याचा होता, कोळसा आणि रेल्वेतून आलेला. निमित्त होतं महायुद्धात मेलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मृतीचं. अध्यासनाला नाव दिलं वुड्रो विल्सन यांचं. राष्ट्रसंघ आला आहे, आता युद्ध टाळण्याचं शास्त्र रचू या, अशी त्यामागची उमेद. १९३६ मध्ये त्याच खुर्चीवर ई. एच. कार येऊन बसले आणि १९३९ च्या ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ या पुस्तकात त्यांनी विल्सनी आशावादाची चिरफाड केली. देणगीदार संतापले, पण विषयाची दिशा ठरून गेली. पुढची काही दशकं हे शास्त्र सत्तेचा समतोल, अण्वस्त्रांचा धाक आणि राष्ट्रहित यांतच रमलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९६२ मध्ये मायकेल हॉवर्ड यांनी विभाग उभारला, त्याचं नाव सरळ ‘वॉर स्टडीज’. दुटप्पीपणा नाही, हे त्या नावाचं मोठेपण म्हणायचं. मराठी विद्यार्थ्याला ही वाट परकी नसते. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे, दिल्लीत जेएनयूची आंतरराष्ट्रीय अध्ययन शाळा आहे.

धाकटं कूळ विक्षिप्त माणसांनी उभं केलं. लुई फ्राय रिचर्डसन हे इंग्रज हवामानशास्त्रज्ञ, गणिती समीकरणांनी हवामानाचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडणारे. पंथानं क्वेकर, त्यामुळे शस्त्र हाती घेणार नाहीत. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत राहिले. पुढे त्यांनी वादळं मोजावीत तशी युद्धं मोजायला घेतली. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० मध्ये बाहेर आलं. तोवर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात अर्थतज्ज्ञ केनेथ बोल्डिंग आणि मंडळींनी १९५७ मध्ये संघर्ष-निराकरणाचं नियतकालिक काढलं होतं, आणि १९५९ मध्ये ओस्लोत योहान गाल्टुंग यांनी शांतता-संशोधन संस्था थाटली होती.

गाल्टुंग यांची गोष्ट महाराष्ट्राच्या वाचकाला जवळची वाटावी. सक्तीच्या लष्करी सेवेला नकार दिला म्हणून ते तरुणपणी तुरुंगात गेले, आणि तत्त्वज्ञ आर्ने नेस यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं, १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेलं पुस्तक होतं गांधींच्या राजकीय नीतिशास्त्रावर. गांधींकडे पाहणारे ते युरोपातले एकटे नव्हते. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरातले शांततावादी शांतिनिकेतनात आणि मग वर्ध्याजवळ सेवाग्रामला जमले होते. गांधीजींच्या हयातीत ठरलेली ती परिषद त्यांच्याविना पार पडली.

१९६९ च्या निबंधात गाल्टुंग यांनी दिलेलं उदाहरण क्षयरोगाचं आहे. अठराव्या शतकात कोणी क्षयानं मेला, तर त्याला हिंसा म्हणता येणार नाही, उपायच नव्हता. आज औषध असताना कोणी क्षयानं मरत असेल, तर ती हिंसा आहे, मग मारणारा हात दिसो वा न दिसो. ही रचनेतली हिंसा. तोफा थांबल्या की मिळते ती नकारात्मक शांतता. ही रचना सुटते तेव्हाची ती सकारात्मक. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये जे मांडलं गेलं, ते वेगळं काय होतं? तरी युरोपीय विभागांच्या वाचनसूचीत गांधी हमखास सापडतात, आंबेडकर शोधावे लागतात. ही उणीव जाऊन भरून काढण्याजोगी आहे.

गाल्टुंग यांनाही देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. १९६८ मध्येच हेर्मान श्मिड या तरुण स्वीडिश समाजशास्त्रज्ञानं या साऱ्या उद्योगावर बोट ठेवलं: शांतता-संशोधन म्हणजे आहे ती व्यवस्था शांत ठेवण्याचं तंत्र, आणि ते बलवानांच्याच कामी येतं. उतारवयात ज्यूंविषयीच्या विधानांनी गाल्टुंग यांनी आपली प्रतिमा स्वतःच काळवंडून घेतली. २०२४ च्या फेब्रुवारीत ते वारले, तेव्हा त्यांच्याच संस्थेचं बरंचसं काम त्यांच्या वाटेवरून दूर गेलेलं होतं. ओस्लोतले आजचे संशोधक उप्सालाच्या आकड्यांवर सांख्यिकी चालवतात.

तेव्हा उप्सालाला जाणाऱ्यानं आकड्यांची तयारी ठेवून जावं. १९७१ पासूनचा हा विभाग. पेटर वालेनस्टीन यांनी १९८५ पासून इथलं डाग हामरशोल्ड यांच्या नावाचं अध्यासन सांभाळलं. दोन वर्षांच्या एम.ए.त संशोधनाची रचना, सांख्यिकी, कार्यकारणभाव यांना खरं वजन आहे. यादवी युद्धातल्या बंडखोरांना शस्त्रं खाली ठेवायला कोणती हमी लागते, शांतिसैनिक आले की लढाई पुन्हा पेटण्याची शक्यता किती घटते, असे प्रश्न. या पठडीतलं गाजलेलं काम अमेरिकेतलं: एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ चळवळी तपासल्या, अहिंसक चळवळींपैकी ५३ टक्के यशस्वी झाल्या, सशस्त्र चळवळींपैकी २६ टक्के. गांधीवाद्यांनी पाऊणशे वर्षं श्रद्धेनं सांगितलेली गोष्ट कोष्टकात बसली. ज्याला बी.ए.ला संख्याशास्त्र नकोसं झालं होतं, त्यानं मात्र हे स्वीडिश स्वप्न जपून बघावं.

ब्रॅडफर्डचा बाज निराळा. उत्तर इंग्लंडमधल्या या कापडगिरण्यांच्या शहरात १९७३ मध्ये क्वेकरांच्या पुढाकारानं शांतता-अध्ययनाचं अध्यासन आलं. पहिले प्राध्यापक ॲडम कर्ल. ते स्वतः मध्यस्थीच्या कामात मुरलेले: १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतर क्वेकरांनी दोन्ही देशांत पडद्याआड जी शिष्टाई केली तिच्यात ते होते, पुढे नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धातही. त्यामुळे इथे मध्यस्थी, समेट, युद्धानंतरची उभारणी यांवर भर. थॅचर यांच्या काळात हा विभाग सरकारच्या डोळ्यांत खुपत होता. शांतता-अध्ययन हा विषयच नव्हे, प्रचार आहे, अशी टीका करणारी पुस्तिका १९८४ मध्ये कॅरोलिन कॉक्स आणि रॉजर स्क्रूटन यांनी लिहिली. विभाग टिकला. मध्यस्थीत रस असेल, तर क्रमवारीतला त्याचा आकडा न बघता इथे अर्ज करावा.

जर्मनीत ही दोन्ही कुळं एका छताखाली आणण्याची रीत आहे. फ्रँकफर्टची शांतता-संशोधन संस्था १९७० ची, हॅम्बुर्गची १९७१ ची. ट्युबिंगेन विद्यापीठ तर १४७७ चं, आणि तिथल्या एम.ए.च्या नावातच शांतता-संशोधन आणि आंतरराष्ट्रीय राजकारण जोडीनं येतात. इथे आंतरराष्ट्रीय संस्था, कायदे, करार यांच्याकडून शांततेकडे जायची वाट आहे. या विद्यापीठानं २०१० च्या सुमारास आपल्या नियमावलीत एक कलम घातलं: अध्यापन आणि संशोधन शांततामय हेतूंसाठीच असेल. जर्मनीत याला ‘झिव्हिलक्लाउझेल’ म्हणतात. पुढच्याच वर्षी म्युनिक सुरक्षा परिषदेचे प्रमुख वोल्फगांग इशिंगर यांना मानद प्राध्यापकपद दिलं आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. २०१८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधन केंद्रात मोठ्या कंपन्या शिरल्या, तेव्हा पुन्हा तोच वाद.

ट्युबिंगेन नेकार नदीवर आहे. त्याच नदीच्या वरच्या अंगाला ओबेर्नडोर्फ हे गाव, हेकलर अँड कॉख या बंदूक-कारखान्याचं. एनएसजीचे कमांडो वापरतात ती एमपी-५ याच कंपनीची. तासाभरावर श्टुटगार्ट, अमेरिकी लष्कराची युरोप आणि आफ्रिका यांची मुख्यालयं तिथे. स्वीडनची कथा तर आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असायची. जगातल्या शस्त्रव्यापाराचा हिशेब ठेवणारी सिप्री ही संस्था स्टॉकहोमची, १९६६ मध्ये स्थापन झालेली. १९८६ मध्ये भारतानं घेतलेल्या बोफोर्स तोफाही स्वीडनच्याच, आणि एके काळी ती कंपनी खुद्द आल्फ्रेड नोबेल यांच्या मालकीची होती. सिप्रीच्याच आकड्यांनुसार २०२० ते २०२४ या काळात शस्त्र-आयातीत भारत जगात दुसरा होता, युक्रेनच्या खालोखाल. शांतता शिकवणारे देश आणि शस्त्रं विकणारे देश बऱ्याच अंशी तेच आहेत. यात ढोंग शोधण्यात फार वेळ घालवू नये, कारण विभागातले प्राध्यापक हा विषय स्वतःच मोकळेपणानं वर्गात काढतात. भारतातून आलेला विद्यार्थी मात्र या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाहून आलेला असतो. विकत घेणाऱ्या देशाचं राजकारण, सीमेवरचं जिल्ह्याचं गाव, कॅन्टोन्मेंटच्या आधारानं जगणारी बाजारपेठ हे त्याला आतून माहीत असतं. अर्जातल्या हेतुपत्रात जगाला शांततेची किती गरज आहे हे दोन पानं लिहिण्यापेक्षा यातलं काही लिहिलं, तर निवड समिती वाचेल तरी.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. उप्सालाच्या घटना-नोंदी १९८९ पासून स्थळासकट नकाशावर मांडलेल्या आहेत, आणि भारत सरकार विरुद्ध माओवादी हा त्यांतला एक संघर्ष. २०१९ च्या महाराष्ट्र दिनी जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. अशा घटना तिथे एकेका ठिपक्यात मावतात. पण या नोंदींचा मुख्य आधार वृत्तसंस्थांच्या बातम्या आणि अहवाल. नागपूरच्या वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्तीत चार ओळींत येऊन गेलेली बातमी, किंवा माडिया बोलणाऱ्या गावात घडलेली आणि कुठेच न छापलेली घटना, उप्सालाच्या संगणकापर्यंत पोचते का? पोचत नसेल तर किती प्रमाणात? हा एम.ए.च्या प्रबंधाचा अस्सल विषय आहे, आणि तो करायला स्वीडिश विद्यार्थ्यापेक्षा चंद्रपूरचा विद्यार्थी केव्हाही पुढे असेल.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. नोत्र दाम विद्यापीठातली क्रॉक संस्था १९८६ ची, मॅकडोनाल्ड्सवाल्या क्रॉक यांच्या पत्नीच्या देणगीतून झालेली. शिष्यवृत्ती मिळाली तरच तिकडे वळावं, नाहीतर डॉलरमधलं कर्ज या क्षेत्रातल्या पगारातून फिटत नाही. मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिकानं १९४८ मध्ये सैन्यच मोडीत काढलं. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९८० मध्ये मंजूर केलेलं शांतता विद्यापीठ आहे. वातावरण सुंदर, सहाध्यायी जगभरचे.

पैशाचा प्रश्न गेल्या काही वर्षांत पालटला आहे. उत्तर युरोपात फुकट शिक्षण, ही समजूत अजून पुण्या-मुंबईच्या गप्पांत तग धरून आहे. स्वीडननं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०११ मध्ये फी लावली, फिनलंडनं २०१७ मध्ये आणि नॉर्वेनं २०२३ मध्ये. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत अजून शिक्षणशुल्क नाही, पण ट्युबिंगेन ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे २०१७ पासून सत्राला १५०० युरो पडतात. शिवाय भारतीय कागदपत्रांची एपीएस पडताळणी आणि गोठवलेल्या खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो. भाषेचंही आधीच बघावं. जर्मनीतल्याच माग्डेबुर्ग विद्यापीठाचा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. इतर काही ठिकाणी जर्मन आल्याशिवाय चर्चासत्रात तोंड उघडता येत नाही.

शिष्यवृत्त्यांपैकी या विषयासाठीच बनलेली एकच मोठी: रोटरीची शांतता-शिष्यवृत्ती, २००२ पासूनची. उप्साला, ब्रॅडफर्ड, ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड, टोकियोतली इंटरनॅशनल ख्रिश्चन युनिव्हर्सिटी ही तिची एम.ए.ची केंद्रं. सगळा खर्च मिळतो. अट कामाच्या अनुभवाची, त्यामुळे कॉलेजातून थेट उठून जाता येत नाही. गंमत अशी, की रोटरी सदस्यांच्या मुलानातवंडांना ती मिळत नाही. गावातल्या क्लबात बाबांचं वजन असून उपयोग शून्य. पुण्याच्या सिंबायोसिस विद्यापीठालाही रोटरीनं केंद्र म्हणून निवडलं आहे, पण ते नोकरी करणाऱ्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी. ब्रिटनच्या चीव्हनिंगला दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं.

सरकारी मदतीची गाठ इथे विचित्र बसते. महाराष्ट्राच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी पाठवलं जातं. योजना मोलाची, पण विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये हवं. उप्साला आणि ओस्लो चालतात. ब्रॅडफर्ड आणि माग्डेबुर्ग तिथे बसत नाहीत. क्रमवारी अख्ख्या विद्यापीठाची असते, त्यात वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचं वजन मोठं. अर्धशतकभर टिकलेल्या शांतता विभागाची तिला खबर नसते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीनं २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे जातीतल्या संरचनात्मक हिंसेवर संशोधन करायला निघालेल्या दलित मुलीनं कोलंबियाच्या यादवीवर लिहावं, तर पैसे. आपल्या तालुक्यावर लिहावं, तर नाही. भारताचा अभ्यास भारतातच करावा, हा त्यामागचा युक्तिवाद. तुलनात्मक संशोधन चालतं कसं, याची त्याला कल्पना दिसत नाही.

आणि नोकरी? चित्र बरं नाही. अमेरिकेच्या संसदेनं १९८४ मध्ये स्थापलेली शांतता संस्था २०२५ च्या मार्चमध्ये नव्या प्रशासनानं ताब्यात घेतली आणि कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. त्याच वर्षी १ जुलैला यूएसएड ही मदतसंस्था बंद झाली. तिच्या पैशावर चालणारे शांतता-उभारणीचे प्रकल्प आफ्रिका-आशियात एकामागून एक गुंडाळले गेले, आणि नवशिक्या पदवीधरांच्या पहिल्या नोकऱ्या बहुतांशी अशाच प्रकल्पांत असत. संयुक्त राष्ट्रांत शिरण्याची ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर ही वाट मुख्यतः श्रीमंत देशांच्या नागरिकांसाठी. देणगीदार सरकारं आपापल्या माणसांचा पगार देतात. भारतीयांना संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक हा मार्ग अधिक खुला. शिक्षणानंतर काम शोधायला जर्मनी १८ महिने देते. ब्रिटनची दोन वर्षांची सवलत २०२७ च्या जानेवारीपासून १८ महिन्यांवर येते आहे.

काम मिळतं ते आडबाजूंनी. संघर्षांच्या नोंदी करणाऱ्या संस्थांना स्थानिक भाषा जाणणारे संशोधक लागतात. विमा आणि गुंतवणूक कंपन्या राजकीय जोखमीचे अहवाल विकत घेतात, आणि ते लिहिणाऱ्यांत शांतता-अध्ययनाचे पदवीधर पुष्कळ आहेत. नैतिक कुचंबणा ज्यानं त्यानं बघावी. मुंबईत गेटवे हाउस ही परराष्ट्र धोरणावरची अभ्याससंस्था आहे. संदीप वासलेकर यांच्या स्ट्रॅटेजिक फोरसाइट ग्रुपनं ‘ब्लू पीस’ नावानं पश्चिम आशियातल्या नद्यांच्या पाण्यावर शेजारी देशांत सहकार्य कसं होईल, याचं काम मुंबईत बसून केलं, स्वीडन आणि स्वित्झर्लंड यांच्या पाठबळावर. कृष्णा आणि महादयी यांच्या पाणीवाटपाचे तंटे लवादांपुढे वर्षानुवर्षं चालले. त्यांची कागदपत्रं, साक्षी, निवाडे, आंदोलनं हे सगळं मराठी, कन्नड आणि कोकणी वाचता येणाऱ्या संशोधकासाठी उघडं पडलेलं आहे. या वादांत उप्सालाच्या उंबरठ्याइतके मृत्यू नाहीत, त्यामुळे त्यांच्या यादीत ते येणार नाहीत. ब्रॅडफर्डच्या किंवा ट्युबिंगेनच्या चर्चासत्रात मात्र त्यांच्यावर अख्खं सत्र खर्ची पडू शकतं.